टॉवरच्या जागी डबी: एका खरेदीच्या नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायची पानं, पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी धायरीच्या प्रेसला गेला. जाहिरातींची आठ रंगीत पानं पीडीएफ करताना कॉम्प्युटर तीनदा अडकला. तिसऱ्यांदा तर माऊसचा बाणसुद्धा हलेना. टेबलाखाली हात घालून बटण दाबून धरलं, बंद केलं, परत चालू केलं आणि आठ पानं दोन-दोन करून काढली. दिवाळी अंक वेळेत गेला. संपादकांना यातलं काही कळायचं कारण नाही.

दुपारी उठल्यावर ठरवून टाकलं: सदाशिव पेठेतल्या या दहा बाय बाराच्या खोलीत टेबलाखाली ठाण मांडून बसलेला कॉम्प्युटरचा टॉवर निवृत्त करायचा आणि टेबलावर मावेल अशी छोटी डबी आणायची. बसल्या बसल्या पाय पसरता येणं ही पुस्तकांची पानं लावायच्या माझ्या धंद्यातली खरी चैन. मर्यादा ६० हजार. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस आहेत तेच चालवायचे. नोंदी ठेवतेय कारण मागच्या वेळी ठेवल्या नव्हत्या. तेव्हा कोणाचं ऐकून काय घेतलं ते आता घरात कुणालाच आठवत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

नोंदी नाहीत, पण बिलं आहेत. जीएसटीच्या फायलींच्या तळाशी जुन्या मशीनचं पाकीट सापडलं. चहा घेऊन बसले आणि सगळं एका कागदावर उतरवलं.

२०१६ मध्ये असेम्बल करून घेतला: इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. ३८,४०० रुपये. २०१८ मध्ये २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कहून वेगवान डिस्क, ३,९००. त्या दिवशी मशीन नवं झाल्यासारखं वाटलं होतं, ते अजून आठवतं. २०१९ मध्ये आणखी ८ जीबी रॅम, ३,२००. २०२१ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली-आली, गेली-आली आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जळला, २,१००. २०२३ मध्ये एसएसडी भरली म्हणून ५०० जीबीची घेतली, ३,१००. पाकिटात पुढे काही नाही.

म्हणजे नऊ वर्षांत झाकण कामासाठी चार वेळा उघडलं. रॅम एकदा, डिस्क दोनदा, पॉवर सप्लाय एकदा. (धूळ काढायला उघडलं ते धरलं नाही. त्याचं बिल नाही.) प्रोसेसर एकदाही बदलला नाही. ग्राफिक्स कार्डाची खाच नऊ वर्षं रिकामी.

गंमत म्हणजे २०१६ ला दुकानदाराने मशीन विकलं ते याच मुद्द्यावर. "ताई, सॉकेट चालू पिढीचं आहे, पुढे मोठा प्रोसेसर टाकता येईल." सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. टाकता आला असता, पण कुठला? त्या बोर्डावर इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचेच चालतात. आठव्या पिढीचं सॉकेट दिसायला तेच, नावही तेच, ११५१, पण त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलची सुरुवात साधारण आठव्या पिढीपासून होते. म्हणजे माझ्या सॉकेटात बसू शकणारा एकही प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. ज्या सोयीचे पैसे मोजले, तिचा रस्ता पहिल्या वळणावरच संपत होता. दुकानदाराची चूक नाही. त्यालाही तेव्हा कुठे माहीत होतं?

एकूण खर्च ५०,७००. नऊ वर्षांनी भागलं तर वर्षाला साधारण ५,६३० रुपये. हा आकडा भिंतीवर लावलाय. नव्या मशीनने याच्याशी झुंजायचं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

नेमकं काय कमी पडतं ते मोजलं. ३२० पानांचं पुस्तक इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये, प्रूफं उघडी, ब्राउझरमध्ये मेल. १६ जीबीतले १४ च्या वर गेले. प्रोसेसर मात्र पीडीएफ काढतानाच धापा टाकतो, एरवी निवांत असतो. म्हणजे शनिवारचा घोळ रॅमचा होता.

मग यातच ३२ जीबी का करू नये? हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. बोर्ड ३२ घेतो. पण दोनपैकी एक स्लॉट गेल्या पावसाळ्यापासून नखरे करतोय. त्यातली रॅमची काडी काढून, खोडरबराने पुसून परत बसवली की महिनाभर चालते. त्यात पैसे घालणं म्हणजे गळक्या टाकीत टँकर रिकामा करणं.

गरज ठरली. रॅम २४ जीबी तरी हवी, ३२ असेल तर उत्तम. डिस्कला दोन जागा हव्यात, एक कामाला आणि एक बॅकअपला. विंडोज ११ हवं. आणि साध्या चौकोनी यूएसबीची निदान चार भोकं, कारण जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची त्याची किल्ली, एक भोक कायमचं अडवून बसतो.

डोंगलबद्दल थोडं. नवी कामं सगळी युनिकोडमध्ये आहेत. पण २००५-१० च्या सुमाराची पुस्तकं पुनर्मुद्रणाला आली की त्या फायली जुन्या फाँटमध्ये असतात, आणि ते सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. वर्षाकाठी अशी पाच-सहा पुस्तकं येतात. पैसेही तीच बरे देतात.

रविवार, १२ ऑक्टोबर

भाचा जेवायला आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भिंतीवरचा कागद वाचून म्हणाला, "मावशी, तू उगाच डब्यांच्या मागे लागलीयेस. मॅक मिनी घे आणि विषय संपव."

त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहिते. अ‍ॅपलची छोटी डबी, एम४ प्रोसेसरची मॅक मिनी, गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, ५ सेंटिमीटर उंच. वीतभरसुद्धा नाही. पॉवर सप्लाय आतच, बाहेर विटेसारखा अडॅप्टर लोंबत नाही. चालू करायचं बटण खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात. आमच्याकडे झाडणाऱ्या बाईंचा हात लागून ती बंद पडणार नाही, हा फायदा भाच्याच्या लक्षात आला नव्हता. किंमत १६ जीबी आणि २५६ जीबीला ५९,९००. इनडिझाइनसाठी तिचा प्रोसेसर माझ्या गरजेच्या कितीतरी पुढे आहे.

आणि मग पुढची पायरी. ८ जीबी रॅम वाढवायची तर २० हजार. जागा २५६ ची ५१२ करायची तर आणखी २० हजार. मला हवं ते, २४ आणि ५१२, होतं ९९,९००. आणि हे सगळं विकत घेतानाच ठरवायचं, कारण रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते. नंतर वाढवू ही भाषाच तिथे नाही.

भाचा म्हणाला, "पण रॅम सोल्डर करून कायमची चिकटवतात ती फक्त पैसे काढायला, असं नाही हं." हे त्याचं बरोबर आहे. रॅम जवळ बसवली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही ती भरभर वाचता येते. एम४ ला सेकंदाला १२० जीबीची वाट मिळते. आताच्या पिढीच्या डीडीआर५-५६०० रॅमच्या दोन काड्या लावल्या तर ८९.६, आणि जुन्या डीडीआर४-२६६६ च्या दोन काड्यांवर ४२.७. फ्रेमवर्क ही कंपनी उघडून दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखली जाते. यंदा तिने डेस्कटॉप काढला तर तिलासुद्धा त्यात रॅम सोल्डर करावी लागली. म्हणजे यात वेगाचा भाग खरा आहे. मात्र ८ जीबीला २० हजार, यात वेगाचा भाग किती आणि हौसेचा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

गंमत अशी की हीच मॅक मिनी २००५ ला पहिल्यांदा आली तेव्हा तिचं झाकण उघडायला लोक रंगाऱ्याची पुट्टी मारायची पट्टी वापरायचे. २०१० ला खालचं गोल झाकण हाताने फिरवलं की रॅम समोर. २०१४ ला रॅम सोल्डर झाली, २०१८ ला काड्या परत आल्या, २०२० पासून कायमच्या गेल्या. आताच्या एम४ मध्ये साठवणुकीची चिप वेगळ्या पट्टीवर आहे, काढता येते, पण ती नेहमीची एम.२, म्हणजे पट्टीच्या आकाराची एसएसडी, नाही. तिला नियंत्रित करणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे दुकानातली कोणतीही एसएसडी तिथे लागत नाही.

माझ्यापुरता निकाल मात्र डोंगलने दिला. मॅकवर विंडोज चालवायची तर आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरात, आणि तीही मॅकच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवरची विंडोज. साधे प्रोग्रॅम ती रूपांतर करून चालवते. पण ड्रायव्हरचं रूपांतर होत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. माझ्या डोंगलचा ड्रायव्हर पंधरा वर्षांपूर्वीचा. तो कोण पुन्हा लिहिणार?

"विद्यार्थ्यांना ४९,९०० ला मिळते, माझ्या नावावर घेऊ," भाचा म्हणाला. म्हटलं, तुझ्या नावावर घ्यायची आणि माझ्या टेबलावर ठेवायची, हे तुझ्या आईला सांगून बघ. तो तिसरी पोळी वाढून घेण्यात गुंतला.

५९,९०० ला ५,६३० ने भागलं तर साडेदहा वर्षं होतात. २४ जीबीवाली साडेसतराच्याही वर.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

टॉवरवरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार आज संपला. एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. चालू केलं. श्वास घ्यायला वेळ मिळाला.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आजच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या बाजूला जाणं हा शुद्ध वेडेपणा, पण प्रकाशकाचं पाकीट अप्पा बळवंत चौकात द्यायचंच होतं. स्कूटर घरी ठेवून चालत गेले. तिथून पुढे ओळखीच्या दुकानात.

दुकानदार जुने. मला पाहिल्यावर आधी तो टॉवर अजून चालतो का विचारलं, मग चहा सांगितला. कमी झालेल्या जीएसटीची चौकशी केली तर हसले. "ताई, तो मोठ्या टीव्हीवरचा २८ चा १८ झाला. कॉम्प्युटर आधीपासून १८ मध्येच आहे."

मला दाखवलेल्या पर्यायांपैकी मनात भरला तो अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी एक्स६००. रिकामी डबी, १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, दोन लिटरहून कमी. आत बोर्ड, बाहेर १२० वॅटचा अडॅप्टर. बाकी सगळं आपण भरायचं: एएमडीच्या एएम५ सॉकेटचा प्रोसेसर, लॅपटॉपच्या मापाच्या दोन रॅमच्या काड्या, दोन एम.२, शिवाय दोन अडीच इंची डिस्क. इतक्याशा डबीत चार डिस्क! मला तर ती फिरकीच्या तांब्यासारखी वाटली.

कागदावर जुळणी केली. डबी १७,८००. रायझन ५ ८६००जी १८,२००. डीडीआर५ च्या १६ च्या दोन काड्या ९,४००. १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एम.२ एसएसडी) ५,९००. इथे एक मेख. त्या प्रोसेसरबरोबर खोक्यात फुकट येणारा पंखा ५४ मिमी उंच, आणि डबीत जागा ४७ मिमी. म्हणजे बुटका पंखा वेगळा घ्या, २,८००. एकूण ५४,१००, विंडोज वेगळं. डबी दुकानात नाही, मागवावी लागेल, आठ-दहा दिवस.

मी विचारलं, आत्ता एकच काडी घातली आणि दुसरी उन्हाळ्यात, तर? ते म्हणाले चालेल की. चालतं, पण यात एक गोम आहे जी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या डबीत चित्र काढणारा भागही हीच रॅम वापरतो. एक काडी म्हणजे एकच वाट, वेग निम्मा. मग चांगलं ग्राफिक्स आतच असलेल्या ८६००जी चे पैसे कशाला मोजायचे?

एएमडीने एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ म्हटलंय. दुकानदार तेच सांगत होते. मी मान डोलावली. कानात २०१६ चंच वाक्य वाजत होतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

आई सकाळपासून म्हणतेय, साडेतीन मुहूर्तांतला आहे, आजच घे. मुहूर्त आहे, पैसे नाहीत. दिवाळी अंकांची बिलं दिवाळी उलटल्याशिवाय निघत नाहीत. जुन्या टॉवरलाच हळदकुंकू वाहिलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन बिलं आली. दुकानात फोन केला, म्हटलं ती डबी मागवा.

"ताई, रॅम बदललीय."

"कंपनी बदलली?"

"भाव."

९,४०० च्या जोडीचे १७,६००. तीन आठवड्यांत. एसएसडी ५,९०० ची ६,८००. सगळे मिळून ६३,२००, माझी मर्यादा ओलांडली. आणि वर, "हा सकाळचा भाव आहे, घ्यायचं ठरलं तर संध्याकाळी परत विचारा." सोनं घेताना ऐकलेलं वाक्य. रॅमच्या बाबतीत पहिल्यांदाच.

कारण त्यांनीच सांगितलं आणि बातम्यांतही तेच आहे: एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, बनवणाऱ्या मोजक्याच कंपन्या, आणि त्यांना तिकडचा माल जास्त फायद्याचा. आपल्यासारख्यांच्या काड्यांना उरेल ते.

रात्री बसून विचार केला आणि स्वतःचा थोडा राग आला. उघडता येणारी डबी हवी, असं मी इतके दिवस म्हणतेय, त्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं होतं: सुटे भाग काळाबरोबर स्वस्त होतात. २०१८, २०१९, २०२३, प्रत्येक वेळी थांबल्याचा फायदा झाला होता. म्हणून थोडक्यात घ्यायचं आणि नंतर वाढवायचं, हा शहाणपणा वाटायचा. आता नंतर म्हणजे दुप्पट. ज्याने ऑक्टोबरमध्ये डोळे मिटून मॅक मिनी घेतली त्याच्या १६ जीबीचा भाव अजून तोच आहे. भाच्याला हे सांगणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज काहीतरी वेगळंच शोधताना कपाटाच्या वरच्या फळीवर जुना लॅपटॉप हाताला लागला. बिजागरी तुटलेला, पडदा वायरीवर लोंबतोय. त्यात २०२१ ला मी १६ जीबीची काडी घातली होती. पेच काढून पाहिलं. आहे. डीडीआर४, ३२००, लॅपटॉपच्या मापाची.

टॉवरची रॅम लांब मापाची, ती छोट्या डबीत बसत नाही. पण ही बसते, अट एकच: डबी डीडीआर४ ची हवी. म्हणजे नवी नको. काही पिढ्या मागची.

सगळा हिशोब उलटा झाला. इतके दिवस मी विचारत होते, या डबीत पुढे काय काय घालता येईल. विचारायला हवं होतं, घरात जे आहे ते कोणत्या डबीत जाईल. घरात आहे: १६ जीबीची एक काडी, ५०० जीबीची अडीच इंची एसएसडी, १ टीबीची साडेतीन इंची हार्डडिस्क. ही शेवटची कुठल्याच छोट्या डबीत मावणार नाही, तिला बाहेरचं कव्हर घ्यावं लागेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हिंजवडीच्या कंपन्यांचे लीज संपले की त्यांच्या एक लिटरच्या डब्या गठ्ठ्याने बाजारात येतात. लेनोवोच्या टायनी, डेलच्या मायक्रो, एचपीच्या मिनी. साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या, मॉनिटरच्या पाठीला लटकवायच्या. त्या पुसून, विंडोज घालून विकणारे आता पुण्यात बरेच आहेत. एका ठिकाणी गेले. फळ्यांवर पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या होत्या, आणि पाठीवर कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या मालमत्ता क्रमांकाची स्टिकरं.

दाखवणारा मुलगा हुशार होता. म्हणाला, "मॅडम, अडॅप्टर ओरिजिनल आहे ना ते आधी बघा." बरोबर. लेनोवोचा पिवळा चपटा पिन काय किंवा डेलचा गोल, दोन्ही अडॅप्टर मशीनला आपली ओळख सांगतात. ओळख पटली नाही तर मशीन सुरू होतं पण रांगत चालतं, आणि आपण प्रोसेसरला शिव्या देत बसतो.

आय५-९५००टी ची एक डबी घेतली. सहा कोअर, ३५ वॅटचा प्रोसेसर, ८ जीबी, २५६ जीबीची एनव्हीएमई, एक वर्षाची हमी. १७,५००. घरी आणून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीचं मशीनचं मूळ सेटिंग, उघडायला गेले तर पासवर्ड मागितला. मशीन आधीच्या मालकाचं, पासवर्ड त्यांच्या आयटीवाल्याच्या डोक्यात. त्याशिवाय आत एक सेटिंग बदलता येईना. दुकानात फोन केला: "वापरायला काय अडचण आहे मॅडम? विंडोज तर चालतंय ना?"

चालतंय. पण उद्या डिस्क मेली आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायची वेळ आली तर मी कुणाच्या दारात जाऊ?

सोमवार, २४ नोव्हेंबर

बदलून मिळाली. पाऊण तास उभं राहावं लागलं, आवाज थोडा चढवावा लागला. या वेळी तिथेच काउंटरवर बायोस उघडून पाहिलं, मगच पिशवीत टाकली. आता आहे ती थिंकसेंटर एम९२०क्यू टायनी, तोच प्रोसेसर, तीच किंमत. विंडोज ११ ची यादी पुन्हा एकदा तपासली. आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

शस्त्रक्रिया. टेबलावर जुना सुती टॉवेल, स्क्रूंसाठी हळदकुंकवाची कुयरी.

मागे एकच स्क्रू. तो काढून वरचं झाकण पुढे सरकवलं की निघतं. मग डबी उलटी करून खालचा पत्रा सरकवायचा. रॅमचे दोन स्लॉट आणि एम.२ तिथे. टॉवर उघडताना कोपर खरचटायची सवय असलेल्या बाईला हे खेळण्यासारखं वाटलं.

आधी पंखा उतरवला. प्रोसेसरवरची पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. नख लावलं तर पापुद्रा निघाला. स्पिरिटने पुसली, नवी लावली, २५० रुपयांची ट्यूब. पंख्याच्या जाळीत कुणाच्या तरी ऑफिसमधल्या गालिच्याची निळी लोकर. सहा वर्षं कुणीतरी याच्यासमोर बसून काय काय केलं असेल!

मग लॅपटॉपची काडी. तिरपी घालायची, दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज एकदम यायला हवा. आधी एकाच बाजूचा आला. काढून परत घातली. चालू केल्यावर २४ जीबी दिसली. ३२०० ची काडी २६६६ वर चालते, कारण ही डबी तेवढंच जाणते. ८ आणि १६ असा विजोड संसार आहे; ८ शी ८ जुळवून दोन वाटांनी, उरलेले ८ एका वाटेने. चालेल. मी खेळ खेळत नाही.

टॉवरमधली ५०० ची एसएसडी अडीच इंची कप्प्यात गेली, बॅकअपला. दुसऱ्या मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल, ४५०. साडेतीन इंची हार्डडिस्कच्या कव्हरची चौकशी केली, पण अजून घेतलं नाही.

डोंगल लावला. दिवा लागला. २००८ च्या एका कवितासंग्रहाची फाइल उघडली, सगळे रफार जागेवर.

एकूण १८,२००. माझ्या भिंतीवरच्या आकड्याने भागलं तर सव्वातीन वर्षांत वसूल. त्याहून जास्त चालली तर तिची मेहेरबानी. उरलेले ४१ हजार वेगळे ठेवलेत. मेमरीचा भाव उतरला की डेस्कमिनीचा कागद परत काढीन. तोवर एएम५ चंही काय ते कळेल.

भाच्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "२०१९ चा प्रोसेसर???" तीन प्रश्नचिन्हं. मी त्याला पीडीएफ काढायला लागलेला वेळ पाठवला: त्या रात्री अडकलेली आठ रंगीत पानं एका दमात, ३८ सेकंद.

गुरुवार, ४ डिसेंबर

काल मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीर केलं की क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार. फेब्रुवारीअखेरपर्यंत माल पाठवतील, मग नाही. लॅपटॉपमधून काढलेली माझी काडी क्रूशियलचीच. दुकानदारांचा संध्याकाळी आपणहून फोन आला, "ताई, तेव्हा घेतली नाही ते बरं का वाईट, मलाच कळेना." त्यांच्याकडची १६ ची काडी संपलीय म्हणाले. मी माझी विकतेय का, असंही विचारून पाहिलं.

आज गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे गृहीत. अकरा वाजून पाच मिनिटांनी गेली. यूपीएस तोच जुना ६०० व्हीएचा. टॉवर असताना हा सात-आठ मिनिटांत किंचाळायला लागायचा, आणि ती मिनिटं फायली बंद करण्यातच जायची. आज ११:२० झाले, ११:२५ झाले, मी प्रकरण चौथं लावत बसले होते. ११:३१ ला पहिली शिट्टी वाजली. फाइल जतन केली, मशीन बंद केलं, पाय पसरले.